अधिकाऱ्याला चार महिने, नागरिकाला सात दिवस

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, आणि त्या एकाच दुरुस्तीने दोन मुदती घालून दिल्या. अधिकाऱ्याने घेतलेल्या निर्णयाबाबत किंवा केलेल्या शिफारशीबाबत लाचखोरीची तक्रार आली, तर चौकशी सुरू करण्याआधी सरकारची परवानगी घ्यावी लागते. ती द्यायची की नाही हे ठरवायला तीन महिने, आणि कारण नोंदवून आणखी एक महिना. हे झाले कलम १७-अ. आता कलम ८ पाहा. लाच देणारा हाही गुन्हेगार, शिक्षा सात वर्षांपर्यंत. ज्याला ती नाइलाजाने द्यावी लागली त्याला सूट आहे, पण पैसे दिल्यापासून सात दिवसांच्या आत त्याने तपास यंत्रणेकडे जाऊन तसे सांगितले पाहिजे. आठव्या दिवशी नाडलेला माणूस आरोपी होऊ शकतो.

याच दुरुस्तीत मूळ कायद्याचे कलम २४ वगळले गेले. १९८८ च्या कायद्यात ते असताना, लाच देणाऱ्याने खटल्यात खरे सांगितले तर त्या जबाबावरून त्याच्यावर खटला भरता येत नसे. ते अभय काढून घेतले आणि त्याच्या जागी सात दिवस ठेवले. हा बदल चुकीचा आहे आणि तो मागे घेतला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. हे मत मी लाचखोरीच्या आरोपात सापडलेल्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने बसणारा माणूस म्हणून मांडतो आहे, म्हणून आधी ती बाजू सांगतो.

माझी नोकरी ठाणे जिल्ह्याच्या महसूल खात्यात गेली, कारकुनापासून नायब तहसीलदारापर्यंत. निवृत्तीनंतर विभागीय चौकशीत बचाव सहाय्यक म्हणून काम करतो. सीबीडी बेलापूरला कोकण भवनात कोकण विभागाच्या आयुक्तांचे कार्यालय आहे. मुंबईचे दोन्ही जिल्हे धरून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांचा कारभार तिथून पाहिला जातो. शिस्त व अपील नियमांतल्या नियम ८ खालचे दोषारोप पत्र हातात पडते तेव्हा माणसाची काय अवस्था होते, हे मी जवळून पाहतो. चार जोडपत्रे असतात. आरोप, त्यांचा तपशील, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. पंचवीस वर्षे ज्याने दुसऱ्यांच्या फायलींवर टिपणी लिहिली, त्याला स्वतःवरचे आरोप दोन-दोनदा वाचूनही उमगत नाहीत. सरकारी भाषेत तो त्या दिवसापासून ‘अपचारी’ असतो. शेजारी बोलायचे कमी करतात, मुलीचे ठरत आलेले लग्न लांबते.

आणि खोट्या तक्रारी असतात. खाडीतल्या रेतीउपशावर, बेकायदा मुरुमाच्या डंपरवर ज्या मंडळ अधिकाऱ्याने कारवाई केली, त्याच्याविरुद्ध पुढच्याच आठवड्यात अर्ज आलेला मी पाहिला आहे. म्हणून आरोपीला साक्षीदाराची उलटतपासणी घेता आली पाहिजे, कागद मिळाले पाहिजेत, वेळ मिळाला पाहिजे. राज्यघटनेच्या कलम ३११ ने ही हमी दिली आहे. तिच्यातला एक शब्दही कमी व्हावा असे मला वाटत नाही.

पण बचावाचा हक्क अधिकाऱ्याला द्यायचा आणि त्याची किंमत सगळ्यात दुबळ्या साक्षीदाराकडून वसूल करायची, हे न्यायाचे नाही. हा वाद आपल्या मुलुखात एकदा कडाडून झालेला आहे. साल १८८८, प्रकरण क्रॉफर्डचे.

नवी मुंबईकर हार्बर लाइनने सीएसएमटीला जातो तेव्हा रे रोड स्टेशन लागते. सीएसएमटीला उतरून थोडे चालले की क्रॉफर्ड मार्केट. लॉर्ड रे मुंबईचा गव्हर्नर होता, आर्थर क्रॉफर्ड त्याच्या हाताखालचा बडा सनदी अधिकारी, आणि त्या गव्हर्नरनेच या अधिकाऱ्यावर लाचखोरीची चौकशी लावली होती. मंडईला आता महात्मा जोतिबा फुल्यांचे नाव आहे, तरी लोकांच्या तोंडी क्रॉफर्डच राहिला.

क्रॉफर्ड सामान्य कुवतीचा माणूस नव्हता. १८६५ साली मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला. गलिच्छ, रोगट शहरात त्याने रस्ते रुंद केले, गटारे काढायला घेतली, मंडई बांधायला घेतली. पैसा मात्र हिशेब न ठेवता उधळला, इतका की शहरातले करदाते उठले आणि १८७१ च्या आसपास म्युनिसिपालिटीची घडीच बदलावी लागली. खासगी आयुष्यातही हात तसाच सैल. कर्जात तो कायम बुडालेला असे. पुढे तो मध्य विभागाचा महसूल आयुक्त झाला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक, खानदेश एवढा मुलूख त्याच्याकडे होता. ठाणे त्यात नव्हते, पण आयुक्त, कलेक्टर, मामलेदार ही साखळी सगळीकडे एकच होती आणि आजही नावे थोडी बदलून तीच आहे.

मामलेदार म्हणजे आताचा तहसीलदार. ठाण्यात तहसील कचेरीजवळच्या मिसळीमुळे तो शब्द नव्या पिढीच्याही तोंडी आहे. शेताच्या रस्त्याचा वाद घेऊन माणूस तहसीलदारापुढे जातो तेव्हा अर्ज होतो तो आजही १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखालीच. क्रॉफर्डच्या काळी मामलेदार सारा वसूल करी आणि दंडाधिकारी म्हणून खटलेही चालवी. तालुक्याचा तो राजाच. पण त्याची नेमणूक, बढती, बदली आयुक्ताच्या मर्जीवर असे. आरोप असा होता की ही मर्जी विकली जात होती. हणमंतराव नावाचा हस्तक मध्ये होता. चांगला तालुका हवा असेल, बढती हवी असेल, दूरची बदली टळायला हवी असेल, तर हणमंतरावाला भेटायचे. पैसे त्याच्याकडे पोचत आणि हुकूम आयुक्ताच्या सहीने निघत.

रे यांच्या सरकारने क्रॉफर्डला निलंबित केले. तो पुण्याहून वेषांतर करून मुंबईला पळाला आणि पकडला गेला. मग सरकारपुढे पेच पडला. पैसे दिले कोणी? मामलेदारांनी. ते बोलले नाहीत तर पुरावा नाही, आणि बोलले तर स्वतःच्याच तोंडाने गुन्हा कबूल केल्यासारखे. सरकारने त्यांना शब्द दिला: खरे सांगा, खटला होणार नाही, नोकरीही जाणार नाही. त्या शब्दावर विसंबून मामलेदार पुढे आले.

१८५० च्या लोकसेवक चौकशी कायद्याखाली तिघांचा आयोग पुण्यात बसला. (हा कायदा स्वातंत्र्यानंतरही वापरात राहिला, त्याखाली चौकशी झालेल्या एका आयसीएस अधिकाऱ्याचे प्रकरण १९५४ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते.) तिथे क्रॉफर्डने जो बचाव केला, तो मी आज कोकण भवनात ऐकतो त्या बचावांचा पूर्वज आहे. कर्जबाजारी आहे हे तो नाकारू शकत नव्हता. पण कर्ज म्हणजे लाच नव्हे. हणमंतराव माझे नाव सांगून पैसे गोळा करत असेल, मला त्यातले काही मिळाले याचा पुरावा काय? आणि साक्षीदार कोण, तर स्वतः लाच दिल्याची कबुली देणारे, अभय घेऊन बोलणारे. अशांच्या शब्दावर किती विसंबायचे, हा त्या चौकशीतला कळीचा प्रश्न झाला. यावर कडी म्हणजे पुण्यातल्या ब्राह्मणांचा कट. इंग्रज अधिकाऱ्याला पाडण्यासाठी ब्राह्मण मामलेदारांनी आणि पुढाऱ्यांनी रचलेले हे कुभांड आहे, असा सूर गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांनीही धरला. पुढे १८९७ साली क्रॉफर्डने पुण्याविषयी पुस्तक काढले, त्यातही त्याने पुण्याच्या ब्राह्मणांना सोडले नाही.

आयोगाने लाचखोरीचे आरोप सिद्ध झालेले मानले नाहीत. हाताखालच्या मुलुखातल्या लोकांकडून कर्जे काढली हे मात्र मानले. मुंबई सरकारला आयोगाचा निष्कर्ष पटला नव्हता. अखेर विलायतेतल्या भारतमंत्र्याने त्याला नोकरीतून काढले ते कर्जांच्या कारणावरून. हणमंतरावावर वेगळा खटला झाला होता. त्यात तो दोषी ठरला आणि तुरुंगात गेला.

पैसे घेणारा हस्तक दोषी. पैसे ज्याच्या सहीसाठी घेतले गेले तो लाचेच्या आरोपातून मोकळा. गोरा असल्यामुळे क्रॉफर्ड सुटला एवढेच म्हणून थांबणे सोपे आहे, आणि रंगाचा भाग त्यात होताच. याच सेवेतल्या सुरेंद्रनाथ बॅनर्जींना सिल्हेटला असताना एका खटल्याच्या नोंदीतल्या चुकीवरून १८७४ साली काढून टाकले, आणि लंडनला जाऊन दाद मागूनही कोणी ऐकले नाही. पण रंग बाजूला ठेवला तरी क्रॉफर्डच्या बचावाचा सांगाडा शिल्लक राहतो, आणि तो आज आपल्या रंगाचे लोक वापरतात.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा कसा लागतो ते ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तक्रारदाराकडच्या नोटांचे नंबर पंचांसमोर लिहून घेतात. नोटांना पावडर लावतात. कुठे अँथ्रासिन, जे अतिनील दिव्याखाली चमकते; कुठे फिनॉल्फथॅलिन, जे सोड्याच्या पाण्यात गुलाबी होते. पंच बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी कचेरीतले सरकारी कर्मचारी असतात. सकाळी कामावर आलेले, दुपारपर्यंत सापळ्यात साक्षीदार झालेले. पैसे दिले गेले की इशारा होतो. पाणी गुलाबी झाले की बाटल्या सीलबंद होतात, लेबलांवर सह्या घेतात. दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट येते: अमुक रकमेची मागणी, तडजोडीअंती इतके ठरले, ‘खासगी इसमा’मार्फत स्वीकारताना रंगेहात पकडले. हा खासगी इसम म्हणजे कचेरीबाहेरचा झेरॉक्सवाला, साहेबाचा ड्रायव्हर, बिनपगारी मदतनीस, चहावाला. पावडर त्याच्या बोटांना लागते. साहेबाचे हात कोरडे असतात. आणि चौकशीत साहेब म्हणतात, तो माझा माणूस नाही, माझ्या नावावर त्याने घेतले असतील तर मला माहीत नाही.

हा बचाव काही वेळा खरा असतो. मी अशा एका लिपिकाच्या बाजूने उभा राहिलो आहे जो खरोखरच निर्दोष होता, आणि त्याचे नाव सांगून बाहेरचा माणूस लोकांना लुबाडत होता. म्हणूनच खरे-खोटे करायला तिसरी बाजू लागते: ज्याने पैसे दिले तो. कोणी सांगितले होते कुणाला भेटायचे? फाइल कधी अडली, कधी सुटली? साहेबांनी केबिनमध्ये नेमके काय म्हटले? हे त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नसते. आणि त्या माणसाने तोंडच उघडू नये अशी सोय आपण २०१८ मध्ये करून ठेवली.

सात दिवसांचा व्यवहारात काय अर्थ होतो ते आमच्याच जिल्ह्यातल्या एका गावच्या माणसावरून सांगतो. वडील वारले, सातबाऱ्यावर वारस नोंद करायची होती. जमिनीतून रस्ता जाणार होता, मोबदल्याच्या यादीत नाव हवे तर आधी सातबारा हवा. अर्ज केला. फेरफार धरला गेला. कायद्याने हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस असते. पंधराचे पन्नास झाले. कुणीतरी कचेरीबाहेरच्या माणसाकडे बोट दाखवले. त्याने आकडा सांगितला. यांनी अर्धे दिले, कारण बाकीचे नव्हते. नोंद मंडळ अधिकाऱ्याकडे गेली म्हणून कळले, तेव्हा आणखी काही. मग एक त्रुटी निघाली, मृत्यूच्या दाखल्यावर आईच्या नावातली वेलांटी चुकली होती. पुन्हा पैसे. नोंद प्रमाणित व्हायला पहिल्या हप्त्यापासून चार महिने गेले.

यातले सात दिवस कोणते? पहिला हप्ता दिल्यानंतर सातव्या दिवशी त्याची फाइल त्याच माणसांच्या टेबलावर पडलेली आहे. तक्रार केली तर नोंद रद्दच होईल ही भीती त्याला आहे, आणि ती अवास्तव नाही. भाऊ म्हणतात, आता बोलू नकोस, मोबदला हातात येऊ दे. काम झाल्यावर, भीती ओसरल्यावर, कोणी तरी वकील भेटल्यावर तो बोलायला तयार होतो. तेव्हा कायदा त्याला सांगतो की तू गुन्हेगार आहेस. तो माणूस माझ्याकडे आला होता, त्या कचेरीतल्या दुसऱ्या एका चौकशीत साक्ष द्यावी का हे विचारायला. कायदा जसा आहे तसा मी त्याला वाचून दाखवला. त्याने कागदाची घडी केली, खिशात ठेवली, आणि साक्ष दिली नाही. त्याला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही.

आता १८८९ कडे परत जातो, कारण तिथे मामलेदारांचे पुढे काय झाले हे या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे. क्रॉफर्ड लाचेतून सुटला, आणि सगळा गहजब साक्षीदारांवर उलटला. लाच देऊन पद मिळवल्याचे जे स्वतः सांगतात ते दंडाधिकारी म्हणून खुर्चीवर बसतातच कसे? पद विकत घेणारा त्या पदावर राहू शकत नाही असा १८०९ चा ब्रिटिश कायदा होता, तो पुढे आणला गेला. पार्लमेंटात प्रश्न उठले. सरकारने दिलेला शब्द मोडायच्या बेतात आले.

त्या वेळी टिळक उभे राहिले. ‘केसरी’ त्यांच्या हाती होता, वय तिशीच्या आसपास. मामलेदारांनी लाच दिली हे चांगले केले, असे त्यांचे म्हणणे नव्हते. सरकारने अभय देऊन ज्यांना बोलते केले त्यांना बोलून झाल्यावर वाऱ्यावर सोडणे हा विश्वासघात आहे, हे त्यांचे म्हणणे होते. १८८९ साली पुण्यात सभा झाली, विलायतेतल्या मित्रांकडे हे प्रकरण नेले गेले. अखेर हिंदुस्थान सरकारला साक्षीदारांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. तो सरसकट माफीनामा ठरला नाही. ज्यांनी आपणहून पैसे टाकून जागा मिळवली आणि ज्यांच्याकडून मान पकडून घेतले गेले, यांत फरक केला गेला. पहिल्या प्रकारच्यांपैकी काहींना घरी जावे लागले, दुसऱ्या प्रकारचे राहिले.

त्या मामलेदारांबद्दल मला फार उमाळा नाही, हेही लिहितो. हणमंतरावाला दिलेला पैसा मामलेदाराने पगारातून साठवलेला नसणार. तो खाली कुळांकडून, सारा भरणाऱ्या शेतकऱ्यांकडून वसूल झाला असणार. कचेरीतल्या त्या लुटीवर जोतिबांनी त्याच दशकात आसूड ओढले होते आणि ते शंभर टक्के खरे होते. ज्या शेतकऱ्यांचा पैसा वर गेला, ते आयोगासमोर मुख्य साक्षीदार म्हणून कधी आलेच नाहीत. त्यांना अभय द्यावे असे कोणाच्या मनातही आले नाही. टिळकांचा लढा अधिकाऱ्यांच्या एका वर्गासाठी होता, आणि तिथे थांबला. माझी मागणी त्या शेतकऱ्यापर्यंत जाते. परकीय सरकारने दंडाधिकाऱ्याची खुर्ची सांभाळणाऱ्या मामलेदारासाठी जे केले, ते स्वतंत्र देशाने वारस नोंदीसाठी अडलेल्या माणसासाठी करू नये?

यावर मला नेहमी सांगितले जाते की देणारा सुटला तर लाच थांबणारच नाही. घोडबंदर रोडवर टॉवर उभारणाऱ्याने आराखडा मंजूर करून घेण्यासाठी पैसे टाकले, तोही म्हणेल माझ्यावर सक्ती झाली. ही शंका रास्त आहे. पण कंपन्यांसाठी त्याच दुरुस्तीत स्वतंत्र कलम आहे, आणि जो हक्क नसलेली गोष्ट विकत घेतो त्याला सूट द्या असे मी म्हणतच नाही. वारसाचे नाव सातबाऱ्यावर लागणे हा हक्क आहे. जादा मजला मिळणे हा नाही. हक्काच्या कामासाठी द्यावे लागलेले पैसे ही सक्ती, आणि नियमाबाहेरच्या कामासाठी दिलेले पैसे ही खरेदी. हा फरक न्यायालयांना करता येतो. १८८९ मध्ये तर घाईघाईत, इंग्रजी वर्तमानपत्रांच्या ओरड्यात सरकारने तो केला होता.

दुसरी शंका माझ्याच बाजूच्या लोकांची असते. मुदत उठवली तर पाच वर्षांनी कुणीही उठेल आणि सूड म्हणून साहेबाचे नाव घेईल. घेईल. म्हणून तर उलटतपासणी आहे. नुसत्या एका तोंडी जबाबावर आजही शिक्षा टिकत नाही. मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता प्रकरणात सांगितले की तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला तरी इतर पुराव्यावरून मागणी सिद्ध होऊ शकते. म्हणजे न्यायालयाला कळलेले आहे की तक्रारदार का फिरतात आणि का गप्प बसतात. संसदेने मात्र त्याला गप्प करणारा नियम कायद्यात घातला. विशेष न्यायाधीशाला साथीदाराला माफी देण्याचा अधिकार आहे हे मला माहीत आहे. पण ती माफी मागायला आधी गुन्ह्यातला भागीदार म्हणून उभे राहावे लागते, आणि देणे न देणे न्यायाधीशाच्या हाती. मुरबाडचा किंवा शहापूरचा शेतकरी त्या भरवशावर कोर्टाची पायरी चढणार नाही. गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा २०१४ चा कायदा तर संमत होऊनही अंमलात आणलेला नाही.

तिसरे म्हणणे कलम १७-अ चे. प्रामाणिक अधिकाऱ्याने न घाबरता सही करावी म्हणून त्याला कवच हवे. मला ते पटते, कारण सही करायला घाबरणारे अधिकारी मी पाहिले आहेत आणि त्यांच्यामुळे लोकांचे जेवढे हाल होतात तेवढे लाचखोरांमुळेही कधी कधी होत नाहीत. पण मग तोच विचार दुसऱ्या बाजूलाही लावा. कायदा जाणणारा, पगारी, वकील परवडणारा अधिकारी. त्याच्यासाठी त्याच्या सरकारने विचार करायला चार महिने घ्यायचे. आणि आठवी शिकलेल्या माणसाने, बाप गेल्याच्या दुःखात, फाइल टेबलावर अडकलेली असताना, एका आठवड्यात ठरवायचे की तो पोलिसांकडे जाणार की नाही. दोन्ही मुदती एकाच संसदेने, एकाच दुरुस्तीत घातल्या.

बदल्यांबाबत एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण क्रॉफर्ड प्रकरणाचे मूळ तिथे होते. महाराष्ट्रात २००५ चा बदल्यांचा कायदा आहे, अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर आलेला. एका जागी साधारण तीन वर्षे, मुदतपूर्व बदलीला लेखी कारण. कायदा चांगला आहे. पण मुदतपूर्व बदलीची जी अपवादाची वाट त्यात ठेवली आहे तिच्यावर रहदारी किती असते, हे कोणत्याही जिल्ह्यातल्या कर्मचाऱ्याला विचारा. जमिनीला सोन्याचा भाव असलेल्या ठाणे जिल्ह्यात कुठला सजा (तलाठ्याचे कार्यक्षेत्र), कुठले मंडळ, कुठला तालुका मिळतो याला फार किंमत आहे. त्या जागेसाठी ज्या कनिष्ठ कर्मचाऱ्याने वर पैसे दिले, तो आज १८८८ च्या मामलेदारापेक्षा वाईट स्थितीत आहे. त्या मामलेदाराला निदान गव्हर्नरने अभयाचा शब्द तरी दिला होता. आजच्या तलाठ्याने आठव्या दिवशी तोंड उघडले तर त्याची नोकरी जाईल, तुरुंगवास होईल, आणि ज्याला पैसे पोचले त्याच्या चौकशीची परवानगी अजून मंत्रालयात फिरत असेल. तो बोलेल कशाला? तो ती रक्कम खालून भरून काढेल. वारस नोंदवाल्याच्या चार महिन्यांची सुरुवात तिथेच होते.

काय करावे हे अवघड नाही. कलम ८ मधली मुदत पैसे दिल्याच्या दिवसापासून न मोजता, ज्या कामासाठी पैसे घेतले ते काम निकाली निघाल्याच्या किंवा तो अधिकारी त्या जागेवरून हलल्याच्या दिवसापासून मोजावी, आणि ती सात दिवसांऐवजी निदान सहा महिन्यांची असावी. हक्काच्या कामासाठी सक्तीने पैसे द्यावे लागले आणि साक्षीदाराने सगळे खरे सांगितले, तर वगळलेल्या कलम २४ सारखे अभय त्याला कायद्यानेच मिळावे, कोणाच्या मर्जीने नव्हे. जो खोटे बोलेल त्याचे अभय जावे. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. संसद हलत नसेल तर महाराष्ट्र विधिमंडळाला राष्ट्रपतींच्या संमतीने आपल्यापुरती दुरुस्ती करता येते. आपल्या जिल्ह्यातल्या आमदारांनी अधिवेशनात हा विषय घ्यावा. त्यासाठी लागणारी माहिती द्यायला निवृत्त महसूल कर्मचारी जागोजागी आहेत.

आणि एक गोष्ट कायदा न बदलताही उद्या होऊ शकते. तहसील कचेरीत, तलाठी कार्यालयात, नोंदणी कार्यालयात भिंतीवर फलक असतो: लाच घेणे व देणे गुन्हा आहे, तक्रारीसाठी १०६४. त्या फलकावर सात दिवसांचा उल्लेख मला अजून कुठे दिसलेला नाही. ज्या मुदतीवर माणसाचे पीडित असणे किंवा आरोपी असणे ठरते, ती त्याला कळायला नको? त्याच रंगात, त्याच आकारात खाली एवढे लिहावे: तुमच्याकडून सक्तीने पैसे घेतले असतील तर तुम्ही गुन्हेगार नाही, मात्र दिल्यापासून सात दिवसांच्या आत कळवा, कळवण्याची जागा ठाणे परिक्षेत्राचे कार्यालय, पत्ता आणि वेळ अमुक.